पुतळीचा भाव

आजी गेली त्याला तीन महिने झाले, तेव्हा आई, मावशी आणि मामा वाईच्या घरी जमले. घराचं काय करायचं ते आजी असतानाच ठरलं होतं, भांडीकुंडी कोणाला नको होती. उरली ती पुतळ्यांची माळ. काळपटलेल्या लाल गोफात ओवलेल्या एकवीस पुतळ्या.

मामा म्हणाला, "एकवीस भागिले तीन. सात-सात घ्या, विषय संपला."

मावशी म्हणाली, "सगळ्या सारख्या नाहीत त्या. आई म्हणायची, यातल्या काही विलायती आहेत."

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरात एक सॉफ्टवेअरवाला असला की प्रिंटरपासून पुराणवस्तूंपर्यंत सगळं त्याच्याकडे येतं. "तू बघ रे नेटवर. जुनं एकेक नाणं लाखालाही जातं म्हणतात."

मामाला पैशांची गरज होती. वर्कशॉपचं कर्ज थकलं होतं. ते तो बोलत नव्हता, पण सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे 'विलायती' या शब्दावर खोलीत थोडी शांतता पसरली. मी माळ घेऊन खिडकीत बसलो, मोबाइलचा कॅमेरा झूम केला आणि पुढचे दोन महिने एका अशा विषयात अडकलो, ज्याचा माझ्या कामाशी काडीचाही संबंध नाही.

*

नीट पाहिल्यावर लक्षात आलं की मावशीचं खरं होतं. माळेत तीन प्रकारच्या पुतळ्या होत्या.

सहा पुतळ्यांवर एका बाजूला दोन माणसं होती. एक उभा, एक गुडघे टेकलेला, आणि दोघांच्या मध्ये एक उंच काठी. कडेनं रोमन अक्षरं. मागच्या बाजूला लंबगोल चौकटीत उभी एक आकृती, भोवती चांदण्या. अकरा पुतळ्यांवर हेच चित्र होतं, पण कोणीतरी ऐकीव वर्णनावरून काढल्यासारखं. माणसांच्या काड्या झालेल्या, अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा आणि गोळे. उरलेल्या चार पातळ होत्या, त्यांवर कमळातली लक्ष्मी होती.

पहिल्या सहा नाण्यांचं गाव सापडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. व्हेनिस. नाण्याचं नाव डुकाट. उभा आहे तो संत मार्क, व्हेनिसचा रक्षणकर्ता. गुडघे टेकलेला तो डोजे, म्हणजे व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचा तहहयात निवडलेला प्रमुख. संत त्याच्या हाती ध्वज देतो आहे. मागे येशू ख्रिस्त. आमच्या आजीनं साठ वर्षं वटसावित्रीला, मंगळागौरीला, हळदीकुंकवाला गळ्यात घातलेल्या माळेत सहा वेळा येशू ख्रिस्त होता. हे आईला सांगितलं तेव्हा ती आधी गप्प झाली आणि मग इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं.

व्हेनिसनं डुकाट पाडायचा निर्णय 1284 साली घेतला. तेव्हा जोव्हानी दांदोलो हा डोजे होता. फ्लोरेन्स आणि जेनोआ या शहरांनी 1252 मध्येच सोन्याची नाणी काढली होती, त्यामुळे व्हेनिस तसं उशिराच जागं झालं. नाण्याचं वजन सुमारे साडेतीन ग्रॅम ठरलं आणि सोनं त्या काळच्या तंत्राला जितकं शुद्ध करता येईल तितकं, आजच्या मोजमापात 99 टक्क्यांच्याही वर. पुढे 1797 मध्ये नेपोलियननं व्हेनिसचं प्रजासत्ताक बुडवलं, तोवर म्हणजे पाचशेहून जास्त वर्षं वजन जवळपास तेच, कस तोच आणि चित्रही तेच राहिलं. बदलायचं ते फक्त डोजेचं नाव.

मी ज्या धंद्यात आहे तिथे पाच वर्षं जुनं काही चालू स्थितीत सापडलं तर लोक हळहळतात. म्हणून मला या पाचशे वर्षांचं आधी आश्चर्य वाटलं आणि मग कारण पटलं. व्हेनिसमध्ये कलाकारांचा दुष्काळ नव्हता. मधल्या काळात तिथे तिशियान होऊन गेला. पण नाणं देखणं करणं हा त्यांचा हेतूच नव्हता. अलेक्झांड्रियातल्या, एडनमधल्या, सुरतेतल्या सराफाला लॅटिन वाचता येत नसे. त्याला चित्र ओळखीचं वाटलं पाहिजे, एवढंच. चित्र बदललं असतं तर प्रत्येक बंदरात प्रत्येक सराफानं नाणं पुन्हा कसाला लावलं असतं. चित्र न बदलणं हीच त्या नाण्याची हमी होती.

*

हे नाणं ज्या ज्या भाषेतून गेलं तिथे खुणा सोडून गेलं. अरबीत 'सिक्का' म्हणजे नाण्याचा ठसा. त्यावरून व्हेनिसची टांकसाळ झाली 'झेक्का', आणि तिथलं नाणं 'झेक्कीनो'. त्याचं इंग्रजीत झालं 'सीक्विन'. पुढे कपड्यांवर शिवायच्या चमकत्या टिकल्यांनाही तेच नाव पडलं. म्हणजे आपला सिक्का आणि घागऱ्यावरची टिकली ही चुलत भावंडं आहेत. इजिप्तचा सुलतान बार्सबाय डुकाटच्या वर्चस्वाला इतका वैतागला की त्यानं 1425 मध्ये जवळपास त्याच वजनाचं स्वतःचं सोन्याचं नाणं काढलं. त्याची पदवी 'अल्-अशरफ', म्हणून नाणं 'अशरफी'. आपल्या गोष्टींमधल्या हंड्यात सापडतात त्या अशरफ्यांचं नाव तिथून आलेलं आहे.

अरब व्यापारी डुकाटला 'मुशख्खस' म्हणत, म्हणजे ज्यावर माणसं आहेत ते. इस्लामी नाण्यांवर सहसा फक्त अक्षरं असत, त्यामुळे माणसांचं चित्र ही सहज पटणारी ओळख होती. दक्षिणेत, तमिळ मुलखात, लोकांना त्या काठीजवळचा माणूस माडावर चढणारा ताडी उतरवणारा वाटला आणि नाण्याला तसंच नाव पडलं. आपल्याकडे ती झाली पुतळी. मला यात एक गंमत दिसते. नाणं पाडणाऱ्यानं त्यावर काय लिहिलं, याच्याशी नाव ठेवणाऱ्या कोणालाच कर्तव्य नव्हतं. डुकाट हा शब्द त्यावरच्या लॅटिन ओळीतल्या 'ड्यूकचं राज्य' या अर्थाच्या शब्दावरून आला. वाईत किंवा मदुरेत ती ओळ कोण वाचणार?

व्हेनिसचं सोनं इथवर येण्याचं कारण सरळ आहे. त्यांना मिरी, मसाले, कापड हवं होतं. त्यांच्याकडे आपल्याला हवं असं फारसं काही नव्हतं, धातू सोडून. मलबारची मिरी तांबड्या समुद्रातून अलेक्झांड्रियाला जायची, तिथून व्हेनिसला, आणि डुकाट उलट्या वाटेनं यायचे. पुढे मोखा बंदरातल्या कॉफीच्या व्यापारातूनही हे नाणं सुरतेला येत राहिलं. ही तक्रार जुनीच आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमच्या प्लिनीनं लिहून ठेवलं आहे की हिंदुस्थान दरसाल आपल्याकडून पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो. ती रोमन सोन्याची नाणीही दक्षिणेत सापडतात. त्यांतल्या अनेकांना भोकं पाडलेली आहेत, कड्या लावलेल्या आहेत, आणि त्यांच्याही इथे केलेल्या नकला आहेत. म्हणजे आमच्या माळेतल्या पहिल्या दोन प्रकारांचा नमुना दीड हजार वर्षं आधीच घडून गेला होता.

शिवाय डुकाट इथल्या मापात सहज बसला. विजयनगरचा वराह, म्हणजेच होन, सुमारे 3.4 ग्रॅमचा. डुकाट साडेतीनचा. ज्या बाजारात होन चालत होता तिथे पुतळी खपायला अडचण आली नाही. होन आणि मोहरांच्या बरोबरीनं पुतळ्या पेशवाईच्या हिशेबांतही दिसतात.

आमच्या सहांपैकी चार पुतळ्यांवरची नावं वाचता आली. दोन आल्व्हिजे मोचेनिगोच्या, पण या नावाचे चार डोजे होऊन गेले, त्यामुळे हा कितवा ते मला ठरवता आलं नाही. एक लुदोव्हिको मानिनची, म्हणजे शेवटच्या डोजेची. आणि एक पाओलो रेनियेरची. रेनियेर 1779 ते 1789 या काळात डोजे होता. साल्बाईचा तह 1782 चा. पुण्यात नाना फडणवीस कारभार पाहत होते तेव्हा हे नाणं व्हेनिसमध्ये नुकतंच ठशाखालून बाहेर पडत होतं.

*

आता भावाकडे येतो, कारण मला तेवढ्यासाठीच बसवलं होतं.

सोन्याच्या जुन्या नाण्याला दोन किमती असतात. एक सोन्याची, ती रोज सकाळी पेपरात येते. दुसरी संग्राहकाची, आणि ती तीन गोष्टींवर ठरते. तसली नाणी उरलीत किती, हातातलं नाणं कोणत्या स्थितीत आहे, आणि ते हवं असलेली माणसं किती. 'जुनं' हा शब्द या यादीत नाही, हे समजायला मला बराच वेळ लागला. शिवाजी महाराजांची तांब्याची शिवराई साडेतीनशे वर्षं जुनी आहे आणि ती काही शे रुपयांत मिळू शकते, कारण शिवराई भरपूर निघाली आणि पुढे शतकभर निघतच राहिली. 1674 च्या राज्याभिषेकाशी जोडलेला महाराजांचा सोन्याचा होन त्याच काळातला. पण अस्सल होन मोजकेच उरले आहेत आणि तो हवा असलेली माणसं घराघरात आहेत. त्यामुळे त्याची किंमत कित्येक लाखांत जाते, आणि म्हणूनच बनावट होनही फार फिरतात.

नाणी दुर्मीळ होतात कशी, याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण अमेरिकेत आहे. 1933 मध्ये तिथल्या टांकसाळीनं वीस डॉलरची 4,45,500 सोन्याची नाणी पाडली. त्याच वर्षी रुझवेल्टनं लोकांकडचं सोनं सरकारजमा करायचा हुकूम काढला. ही नाणी चलनात आलीच नाहीत, वितळवली गेली. काही मात्र टांकसाळीतून निसटली. त्यांतल्या बहुतेकांचा सरकारनं पुढे पाठपुरावा करून ताबा घेतला. खासगी मालकीत ठेवायला कायद्यानं परवानगी असलेलं एकच नाणं उरलं. ते 2002 मध्ये 75 लाख 90 हजार डॉलरला विकलं गेलं आणि 2021 मध्ये सुमारे 1 कोटी 89 लाख डॉलरला. त्यात सोनं आहे 30 ग्रॅम. त्याच ठशाचं, त्याच वजनाचं 1924 सालचं नाणं सोन्याच्या भावापेक्षा थोड्याशा जास्त किमतीला मिळतं. मधला सगळा फरक भट्टीनं केलेला आहे.

आपल्याकडेही भट्टीनंच ठरवलं. मुघल अमलात बंदरात उतरलेलं परदेशी नाणं टांकसाळीत नेऊन नव्या शिक्क्याखाली पाडून घ्यायची रीत होती. राज्य बदललं की जुनी नाणी वितळत. 1835 मध्ये कंपनी सरकारनं चांदीचा रुपया हेच कायदेशीर चलन केलं, आणि सोन्याचं नाणं नुसता धातू होऊन बसलं. या सगळ्यातून जी पुतळी वाचली, ती बहुतेक वेळा कोणाच्या तरी गळ्यात असल्यामुळे वाचली. सोनारानं वरच्या कडेला डाख देऊन कडी बसवली, पटवेकऱ्यानं ती गोफात गाठवली, आणि नाणं बाजारातून उठलं. माळ वाढवायची तर खऱ्या पुतळ्या पुरेनात, म्हणून इथल्या सोनारांनी स्वतःच पाडल्या. आमच्या माळेतल्या अकरा तशा. त्यांना बनावट म्हणवत नाही, कारण त्या कोणाला फसवायला केलेल्या नव्हत्या. डोजेची काडी झाली आणि लॅटिनचे गोळे झाले, तरी सोनं सोनंच होतं.

मी मुंबईतल्या नाण्यांच्या एका जाणकार व्यापाऱ्याला सहाही पुतळ्यांचे फोटो पाठवले. उत्तर दहा मिनिटांत आलं. कडी आहे, डाख आहे, झिजलेलं आहे, दागिन्यातलं आहे. सोन्याचा भाव, फार तर हौशी गिऱ्हाईक मिळालं तर थोडं वर. मी विचारलं, कडी काढून टाकली तर? ते म्हणाले, खूण राहतेच, आणि तशी खूण असली तर लिलावाच्या यादीत ते लिहावंच लागतं.

अठराव्या शतकातल्या डुकाटचे शौकीन मुख्यतः इटलीत आणि युरोपात आहेत. भारतातल्या संग्राहकाला गुप्तांचे दिनार हवे असतात, जहांगिराच्या राशींच्या मोहरा हव्या असतात, होन हवा असतो. येशू ख्रिस्ताची पुतळी त्याच्या यादीत फार खाली येते. आणि 1972 च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर विकायला नेता येत नाही. नाणी इथे, शौकीन तिथे. कायदा योग्यच आहे, तो नसता तर इथे काही उरलं नसतं. पण आमच्या सहा पुतळ्यांचा बाजार त्यानं वाईतल्या सराफाच्या काट्यापुरता केला, हेही खरं.

ज्या कडीनं नाणं वाचवलं, त्याच कडीनं त्याची संग्राहकाकडची किंमत घालवली. हे घरी सांगितलं तेव्हा मामा म्हणाला, "म्हणजे दोन महिन्यांनी आपण परत सात-सातवर."

*

पण सात-सातवर येता येईना. सराफाकडे माळ उसवली. त्यांनी प्रत्येक पुतळी मशीनवर ठेवली आणि आकडे सांगितले. व्हेनिसच्या सहाही 99 च्या आसपास. इथल्या अकरा सरासरी 93. लक्ष्मीच्या चार 58.

58 ऐकून आईचा चेहरा पडला. तिला वाटलं, आजीला कोणीतरी फसवलं. सराफ वयस्कर होते. त्यांनी विचारलं, "लग्न कधीचं आईंचं?" 1964 चं. "मग बरोबर आहे. चौदा कॅरेटच्या काळातलं."

चीनच्या युद्धानंतर, जानेवारी 1963 मध्ये सरकारनं सुवर्ण नियंत्रण आणलं. मोरारजी देसाई अर्थमंत्री होते. चौदा कॅरेटहून शुद्ध सोन्याचे नवे दागिने करायला बंदी आली, परदेशी चलन वाचावं म्हणून. कितीतरी सोनारांचे हात रिकामे झाले. चौदा कॅरेटची अट 1966 मध्ये उठली. चौदा भागिले चोवीस म्हणजे 58.3. आजीच्या सासऱ्यांनी नव्या सुनेसाठी माळेत चार पुतळ्यांची भर घातली होती, ती कायद्याला धरून. साठ वर्षं सगळ्या पुतळ्या एकाच गोफात होत्या आणि कोणाला फरक कळला नव्हता.

मी स्प्रेडशीट उघडली. वजन गुणिले कस, म्हणजे निव्वळ सोनं. व्हेनिसच्या सहांत साडेवीस ग्रॅम. इथल्या अकरांत चौतीसच्या आत-बाहेर. चौदा कॅरेटच्या चारांत सात. एकूण साधारण साडेएकसष्ट, तिसरा हिस्सा साडेवीस. म्हणजे सहा विलायती पुतळ्या हा बरोबर एक वाटा होत होता. उरलेल्या पंधरांचे दोन वाटे थोड्या इकडेतिकडेनं पडत होते.

आणि मामाला रोख हवी होती. मोडीत घालायचं तर सगळ्यात शुद्ध सोनं घालावं, त्यात घट कमी, वाद नाही. हिशेबानं त्या सहा मामाच्याच होत्या. मीच तो हिशेब केला होता. त्यात एकही चूक नव्हती, मी तीनदा तपासला.

पाचशे वर्षं व्हेनिसनं कस सांभाळला म्हणून ते नाणं जगभर चाललं, आणि त्याच कसामुळे ते प्रत्येक वेळी भट्टीत आधी गेलं. हे मी वाचलं होतं. सराफाच्या काउंटरवर उभं राहून ते कळणं वेगळं.

मावशी म्हणाली, माझ्यातल्या घे आणि त्या ठेव. मामानं ऐकलं नाही. "कोणाचा वाटा कमी करून मला नको." मी म्हटलं, मी विकत घेतो. मामा म्हणाला, "घे की सगळ्या, भावानं." मी मनात फ्लॅटचा हप्ता वजा केला. एक जमत होती. मी पाओलो रेनियेरची घेतली, त्या दिवशीच्या भावानं. मामा पैसे घेईना, शेवटी आईनं त्याच्या खिशात कोंबले.

उरलेल्या पाचांचे मी दोन्ही बाजूंनी फोटो काढले, वजनं टिपून घेतली. सराफांनी चिमट्यानं कड्या कापून बाजूला ठेवल्या, कारण कडीचं सोनं हलकं. मग पाचही मुशीत टाकल्या. मला वाटलं होतं वेळ लागेल. चहा यायच्या आत मानिन, दोन्ही मोचेनिगो आणि ती दोन झिजकी नावं यांची एक लहानशी पिवळी गोळी झाली होती.

मामाचा हप्ता भरला गेला. वर्कशॉप चालू आहे. माझ्याकडची पुतळी डबीत असते. तिची कडी मी काढलेली नाही.